वंशावळीतला 'निपुत्रिक' : एकोणिसाव्या शतकात अकाली गेलेल्या पूर्वजाचा माग

कुठलीही जुनी वंशावळ उलगडा, दोन-तीन नावं अशी सापडतातच की ज्यांच्याखाली रेघ ओढलेली नसते. बाजूला बारीक अक्षरात 'नि.' किंवा 'निपुत्रिक' असतं, कधी तेवढंही नसतं. पणजोबांचा थोरला भाऊ, खापरपणजोबांची पहिली बायको, मुंजीच्या वयात गेलेलं पोर. आजी सांगायची, 'तो दुष्काळात गेला' किंवा 'ती पहिल्या बाळंतपणात गेली', आणि त्यापुढे कोणालाच काही माहीत नसतं. अशा माणसाचा शोध घ्यायचा असेल तर कुठून सुरुवात करावी, हे इथे सांगतो. नुकती सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे, म्हणून जाणत्यांना काही भाग फार सोपा वाटेल.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. पंचविशीत गेलेल्या माणसानं स्वतःचे कागद फारसे केलेलेच नसतात. पण तो गेल्यामुळे इतरांना कागद करावे लागले. विधवेच्या पोटगीची सोय, दत्तक, वारसाची नोंद, अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाचा पालक, भावाभावांतली वाटणी, हे सगळं त्याच्या मरणामुळे घडलं. त्यामुळे त्याचं नाव शोधत बसण्यापेक्षा त्याच्यामागे जे राहिले त्यांचे कागद धुंडाळा. त्याचं नाव तिथे 'मयत' या शब्दामागे उभं असतं.

पहिलं काम घरात

कचेरीत जायच्या आधी घरातल्या आणि भाऊबंदांतल्या सगळ्यांत वयस्क माणसांकडे जा. मात्र 'त्यांचा जन्म कधीचा?' असं विचारू नका. त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं. विचारायचं असं : पितृपंधरवड्यात त्यांचं पान कोणत्या तिथीला टाकतात? सर्वसाधारणपणे महालय श्राद्ध मृत्यूच्या तिथीला होतं. घरात दरवर्षी षष्ठीला कोणाचं तरी नाव घेत असतील, तर महिना आणि वर्ष हरवलं तरी तिथी टिकलेली असते. अविधवा नवमीला कोणाचं नाव घेतात? ती बाई नवऱ्याच्या आधी गेली, एवढं त्यावरून कळतं. चतुर्दशीला कोणाचं होत असेल तर शस्त्रानं किंवा अपघातानं आलेल्या मृत्यूची शक्यता धरा. आणि सर्वपित्रीलाच सगळ्यांचं उरकत असतील, तर हा धागा तुटला असं समजून पुढे चला.

देवघरातले टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरच्या छोट्या प्रतिमा, तेही बघा. बऱ्याच घरांत लग्नाआधी किंवा लढाईत गेलेल्या पुरुषाचा टाक देवांत बसवलेला असतो, आणि त्याचं नाव विसरलं तरी 'हा अमक्याच्या भावाचा' एवढं कोणीतरी सांगतं. शिवाय घराण्यात एखादं नाव पुन्हा पुन्हा आलंय का ते पाहा. गेलेल्या भावाचं नाव मुलाला ठेवण्याची रीत बऱ्याच घरांत होती. तिचा फायदा आहे तसा तोटाही आहे : एकाच घरात दोन 'रामजी' निघतात आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या नावावर खपतो.

जे ऐकाल ते लिहून ठेवा, पण त्यासमोर कोणी सांगितलं आणि त्यांनी ते कोणाकडून ऐकलं, हेही लिहा. मोबाइलवर रेकॉर्ड केलंत तर उत्तम. माणसं ऐंशीच्या पुढे असतात. हे काम दिवाळीनंतर करू म्हणून टाकू नका.

दुष्काळ, पटकी, गाठीचा ताप : सनाचा पट्टा ठरवणं

'दुष्काळात गेला' हे वाक्य निरुपयोगी वाटतं, पण त्यातून सन काढता येतो. दख्खनचा मोठा दुष्काळ १८७६ ते ७८ मधला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या भागांतल्या घरांत 'मोठा दुष्काळ' म्हणजे बहुधा तोच. पुढे १८९६-९७चा आणि लगेच १८९९-१९००चा. संवत १९५६ म्हणून 'छप्पन्नचा' म्हणतात तो हा शेवटचा. प्लेग मुंबईत १८९६च्या सप्टेंबरात जाहीर झाला आणि १८९७च्या सुरुवातीला पुण्यात पोचला. घरात 'गाठीच्या तापानं गेला' असं सांगत असतील तर त्याआधीचा सन धरायचं कारण नाही. पटकी आणि देवी मात्र वर्षानुवर्षं येत राहिल्या, त्यांच्यावरून सन ठरत नाही.

त्या त्या जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर जरूर वाचा. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे जिल्हावार खंड १८७७ पासून निघाले. त्यात तुमच्या पणजोबांचं नाव मिळणार नाही, पण त्या तालुक्यात पाऊस कधी गेला, दुष्काळी कामं कुठे निघाली, धान्याचे भाव कुठवर चढले हे मिळेल. घरातली आठवण खरी की कोणीतरी पुढे जोडलेली, हे तपासायला एवढं पुरतं.

आता कालगणना. जुने कागद इसवी सनात बोलत नाहीत. शकात ७८ मिळवा. मात्र पौषापासून पुढच्या तिथी बहुधा इंग्रजी नव्या वर्षात जातात, तिथे ७९. शके १८१९चा फाल्गुन म्हणजे १८९८चा फेब्रुवारी-मार्च. दख्खनी फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून मोजतात. त्यात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून ५९१. फसली १२८६ म्हणजे १८७६-७७, दुष्काळाचं वर्ष. कागदावर शक पुसलेला आणि संवत्सराचं नाव शिल्लक असेल तरी अडत नाही, कारण तो साठ वर्षांचा फेरा आहे. हेमलंबी संवत्सर शके १८१९ला होतं, त्याआधी १७५९ला. माणूस या दोहोंपैकी कुठल्या काळातला ते बाकीच्या नावांवरून लगेच कळतं. तिथी, महिना आणि शक हाती आले की जंत्रीत (जुन्या तिथी-तारखांच्या कोष्टकात) तारीख आणि वार काढा. कागदावरचा वार जुळला तर वाचन बरोबर आहे.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्या

माझ्या मते या सगळ्या शोधात सगळ्यांत रसाळ जागा हीच, आणि नवखे लोक इथे सगळ्यांत कमी तयारीनं जातात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या उपाध्यांकडे यजमानांच्या वह्या आहेत. यजमान गाव, प्रांत, जात, आडनाव यांप्रमाणे वाटलेले असतात. नाशिकच्या रामकुंडावर उभं राहून 'अमक्या गावचे अमके' म्हणून विचारलंत की कोणाकडे जायचं ते सांगणारा भेटतो. पण गाव म्हणजे मूळ गाव. तुमचं घराणं तीन पिढ्या पुण्यात असलं तरी वहीत ते पुण्याखाली नसेल. जुनी आडनावंही निराळी असू शकतात : आज 'देशमुख' लावणारे जुन्या नोंदीत कुळाच्या नावानं असतील, आज 'कुलकर्णी' असलेले उपनावानं.

एक नोंद साधारण अशी असते : अमका, बाप अमका, आजा अमका, भाऊ अमके, मुलं अमकी, गाव, परगणा, कशासाठी आला आणि शेवटी सही किंवा निशाणी. अस्थी घेऊन आलेला असेल तर कोणाच्या अस्थी, हेही असतं. अकाली गेलेल्या माणसासाठी ही वही अशी वापरायची. त्याच घराण्याच्या लागोपाठच्या दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवा. समजा १८७१च्या नोंदीत भावांमध्ये त्याचं नाव आहे आणि १८८३च्या नोंदीत नाही, बाकीचे सगळे आहेत, तर तो त्या बारा वर्षांत गेला असावा. नुसत्या गैरहजेरीवर पक्का निष्कर्ष काढू नका, कारण लिहिणारा घाईत असतो. पण त्याच काळात मोठा दुष्काळ येऊन गेला आणि घरची आठवणही तीच सांगते, असं तीन बाजूंनी जुळलं तर पाया भक्कम.

जाताना नावांची यादी, गावाचा जुना तालुका आणि जातीचं वा कुळाचं नाव लिहून न्या. फोटो काढण्याआधी विचारा, दक्षिणा द्या. सकाळच्या विधीच्या गर्दीत वही काढायला लावू नका, दुपारनंतर जा. आणि फक्त आपल्या आजोबांची नोंद बघून परतू नका. वहीतली आपल्या घराण्याची सगळी पानं पाहून या.

दक्षिण महाराष्ट्रात, सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे, हेळवी येतात. पिढ्यान् पिढ्यांच्या वंशावळी सांगणं हा त्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय. इतरत्र भाट तेच करतात. त्यांच्याकडून मिळालेल्या नावांचा क्रम पुष्कळदा उपयोगी असतो, पण अगदी वरच्या पिढ्या घराण्याचं मोठेपण वाढवणाऱ्या असतात. खालच्या चार-पाच पिढ्या घ्याव्यात, वरच्या ऐकून घ्याव्यात.

तहसीलच्या अभिलेख कक्षात

गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात. लोक त्याला 'कोतवाल बुक' म्हणतात. या वह्या सर्व गावांच्या सर्व वर्षांच्या टिकलेल्या नाहीत, पण जिथे आहेत तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत मागे जातात. अर्जात गाव, आत्ताचा आणि जुना तालुका, नोंदीचा प्रकार आणि वर्षांचा पट्टा लिहा. '१८७५ ते १८८०, मृत्यू नोंद' असा अर्ज मार्गी लागतो. 'पूर्वजांची सर्व माहिती मिळावी' असा अर्ज टेबलावरच राहतो. नक्कल मागण्याआधी वही प्रत्यक्ष बघायला मागा, कारण नाव कसं लिहिलंय हे तुम्हालाच ओळखता येतं. हो-ना चालली तर माहिती अधिकारात अवलोकनाचा अर्ज करता येतो.

जुना तालुका लिहा असं वारंवार म्हणतोय त्याला कारण आहे. नाशिक जिल्हा १८६९चा. खानदेश १९०६पर्यंत एकच जिल्हा होता. आजचा रायगड तेव्हा कुलाबा, आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरीतच. गाव संस्थानात असेल, म्हणजे कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत यांपैकी कुठेतरी, तर इंग्रजी तालुक्याच्या दप्तरात शोधणं व्यर्थ. मराठवाड्याचे कागद निजामी अमलातले. तिथे उर्दू वाचणारा माणूस आधी शोधा.

नोंद वाचताना काही शब्द डोळ्यांत बसू द्या. 'वलद' किंवा 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आडनाव बऱ्याचदा नसतंच. 'रामजी वलद बाबाजी' एवढ्यावरच ओळख पटवायची असते. बारसं न झालेलं मूल नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' म्हणून बापाच्या नावाखाली येतं. वय अंदाजानं सांगितलेलं असतं, म्हणून २५, ३०, ४० असेच आकडे जास्त दिसतील. त्यावरून जन्मसाल काढलंत तर दोन्हीकडे पाच वर्षांची ढील ठेवा.

मृत्यूची नोंद जिथे मरण आलं त्या गावात होते, घर असलेल्या गावात नाही. हे विसरलं की महिने वाया जातात. पहिलटकरीण माहेरी गेलेली असते, तेव्हा बाळंतपणात गेलेल्या बाईची नोंद माहेरच्या गावात बघा. गिरणीत किंवा गोदीत कामाला गेलेला पुरुष मुंबईत गेला असेल. प्लेगच्या वर्षांत उलटं झालं : मुंबईहून लोक लोंढ्यानं कोकणात आणि घाटावर परतले आणि काहींनी गावी पोचल्यावर डोळे मिटले.

लहान वयात गेलेल्या मुलासाठी गावच्या जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर बघायला विसरू नका. अनेक गावांत शाळा एकोणिसाव्या शतकातच सुरू झाल्या होत्या. रजिस्टरात शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असतं, आणि त्या रकान्यात कधी कधी एकच शब्द असतो : मयत. दहा वर्षांच्या पोराचा दुसरा कुठलाही कागद सहसा नसतो.

एक सोय अलीकडे झाली आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना जुनी दप्तरं मोठ्या प्रमाणावर चाळली गेली, आणि सापडलेल्या नोंदींच्या स्कॅन प्रती अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. त्या जातीच्या पुराव्यासाठी काढल्या असल्या तरी त्यांत जन्म-मृत्यूच्या वह्यांची पानं आहेत, आणि एका पानावर गावातल्या इतर घरांच्याही नोंदी असतात. आपलं घराणं कुणबी नसलं तरी आपल्या गावाचं पान उघडून बघा.

जमीन, वतन आणि विधवा

सातबारा आणि फेरफार ही सगळ्यांना माहीत असलेली जागा, पण हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा. १८८० मध्ये गेलेल्याचं नाव फेरफारात खातेदार म्हणून येणार नाही. त्याची विधवा किंवा मुलगा मात्र येतो. तेव्हा सर्वांत जुना फेरफार काढून सुरुवात करा. 'आपले अभिलेख' या शासकीय संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने उतारे घरबसल्या मिळतात. 'अमकी कोम अमका' अशी बाई खातेदार दिसली की तिचा नवरा मयत धरून चाला. 'अ. पा. क.' (अज्ञान पालनकर्ता) दिसलं की मुलगा अज्ञान आहे आणि पालक दुसरं कोणीतरी आहे. त्या मुलाचं त्या वेळचं वय मिळालं तर बाप साधारण केव्हापर्यंत नक्की हयात होता ते ठरतं. त्यामागे जायचं तर भूमी अभिलेख कार्यालयातली पहिल्या मोजणीच्या वेळची शेतवार पत्रकं. ही मोजणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली आणि दर तीस वर्षांनी फेरमोजणी होत गेली. दोन मोजण्यांत नावं कशी बदलली ते ताडून पाहता येतं.

घराण्याकडे पाटीलकी, कुळकर्ण किंवा इनाम असेल तर नशीबवान आहात. १८५२च्या इनाम कमिशननं हक्क तपासताना वंशावळी मागितल्या, आणि हक्क वाचवायचा म्हणून लोकांनी त्या सविस्तर दिल्या. त्यात निपुत्रिक गेलेल्यांचीही नावं येतात, कारण 'त्याचा हिस्सा आमच्याकडे आला' हे दाखवायचं असतं. असे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराच्या इमारतीत आहेत. उलट बाजूही ध्यानात ठेवा : हक्कासाठी दिलेल्या वंशावळीत गैरसोयीचा भाऊ गाळलेला असू शकतो. त्याच घराण्यातल्या प्रतिपक्षाची वंशावळही मागवा. वाटणीच्या दाव्यांतही हाच खेळ असतो, आणि दोन्ही बाजू वाचल्या की खरं बरंचसं कळतं.

दत्तकाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तुमचा माणूस १८७८ला गेला आणि त्याचा 'मुलगा' १८९० मध्ये जन्मला असं कागदांवरून निघालं, तर कागद फेकून देऊ नका. विधवेनं वर्षानुवर्षांनी दत्तक घेतला असेल. मुंबई इलाख्यात पतीनं स्पष्ट परवानगी दिली नसली तरी विधवेला बहुधा दत्तक घेता येत असे. दत्तक गेलेल्याच्या नावामागे नवा बाप लागतो, म्हणून तो जन्मघराच्या नोंदीत एका नावानं आणि इथे दुसऱ्या नावानं मिळतो. दुसरीकडे, अनेक जातींत पाटाची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, चाल होती. तरुण विधवा दुसऱ्या घरात गेली की १८५६च्या पुनर्विवाह कायद्याप्रमाणे पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपे, आणि तिचं नाव तुमच्या कागदांतून अचानक नाहीसं होतं. ती मेली असं समजू नका. कदाचित चार कोसांवरच्या गावात ती पुढे चाळीस वर्षं जगली असेल.

बायकांचा माग

इथे काम दुप्पट होतं, कारण लग्नात नाव बदलतं. आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. ३१ मार्च १८६५चा जन्म, माहेरचं नाव यमुना, आणि माहेर-सासर दोन्हीकडचं आडनाव जोशीच. नुसत्या आडनावावरून कोणी वंशावळ लावायला बसलं तर दोन घरांचा एक गोळा होईल. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या, बाविशीही पुरी झाली नव्हती. त्यांचं इतकं सगळं कळतं ते त्यांच्या मागे राहिलेल्यांमुळे : पत्रं जपणारी माणसं, कॉलेजचं दप्तर, पुढे लिहिली गेलेली चरित्रं. त्यांची रक्षाही अमेरिकेत त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबानं न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीच्या दफनभूमीत ठेवली. आणि त्यांचं दहा दिवसांत गेलेलं बाळ? ते फक्त आईच्या चरित्रात आहे. तुमच्या घरातली अशी बाळंही आईच्याच गोष्टीत सापडतील, स्वतंत्र शोधून नाही.

म्हणून बाईचा शोध घेताना माहेरचं गाव आधी मिळवा. ते कुठे मिळतं? मुलांच्या आजोळाच्या आठवणींत, मामाच्या आडनावात, लग्नाच्या याद्यांत. मग माहेरच्या घराण्याचे क्षेत्रोपाध्ये गाठा. दुसरेपणाची बायको घरात असेल तर तिच्या लग्नाचं साल काढा. पहिली बहुधा त्याआधी वर्ष-दोन वर्षांतच गेलेली असते. सवत हयात असताना दुसरं लग्न झाल्याचीही उदाहरणं आहेत, तेवढं गृहीत धरून.

ख्रिस्ती घराण्यांना वसई, मुंबई, गोवा इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदवह्या आहेत, आणि त्या या कामी कोतवाल बुकापेक्षा सरस. मुसलमान घराण्यांनी काझींच्या दप्तरात निकाहाच्या नोंदी विचाराव्यात. घरात 'तो मॉरिशसला गेला' अशी कथा असेल, विशेषतः रत्नागिरीकडच्या घरांत, तर तिथल्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांचं (करारावर नेलेल्या मजुरांचं) दप्तर आहे. इथे 'अकाली गेला' म्हणून ज्याचं पान टाकत आले, तो कदाचित तिकडे नातवंडं बघून गेला असेल.

मोडी

यांतले बहुतेक कागद मोडीत आहेत. शिकावी का? माझं उत्तर : आपल्या घराण्याची दहा-बारा नावं, गावाचं नाव, महिने, आकडे आणि 'मयत', 'वलद', 'कोम' एवढं ओळखण्यापुरती तरी शिकाच. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि हात न उचलता ओळ पुढे जाते; पण ओळखीची नावं काही आठवड्यांत डोळ्यांना दिसू लागतात. वर्ग पुराभिलेख विभाग, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि इतर संस्था घेतात. संपूर्ण लिप्यंतरासाठी जाणकार गाठा, पानाचा दर आधी ठरवा, आणि त्यांना अंदाजानं नाव 'बसवायला' सांगू नका. जे वाचता येत नाही तिथे टिंब टिंब ठेवायला सांगा. जातीच्या प्रमाणपत्राच्या घाईत असलेल्या लोकांमुळे सध्या नको तितकं 'बसवलेलं' वाचन फिरतं आहे.

नोंद कशी लिहावी

शेवटी वंशावळीत त्याच्या नावापुढे नुसतं साल टाकू नका. साल, ते कशावरून, आणि खात्री किती, असं लिहा. उदाहरणार्थ : 'जन्म अंदाजे १८५० (घरच्या आठवणीतल्या वयावरून), मृत्यू १८७१ आणि १८८३ यांच्या दरम्यान, बहुधा १८७७ (नाशिकच्या दोन नोंदी, पत्नीचा फेरफार, घरची आठवण), तिथी भाद्रपद वद्य षष्ठीला पान, मृत्यूचा महिना माहीत नाही.' नक्कलेवर दप्तराचं नाव, वहीचा आणि पानाचा क्रमांक, बघितल्याची तारीख पेन्सिलीनं लिहा. आणि एक संच भाऊबंदांपैकी जो गावात राहतो त्याच्याकडे ठेवा; पुढचा कागद सापडला तर तो बहुधा त्याच्याच माळ्यावर सापडेल.